बंधाऱ्याला पैसे मिळाले, बर्ग्यांचं काय? गावच्या पर्यावरणाच्या कामांचं अनुदान, सोप्या भाषेत

कोल्हापूर पद्धतीचा बंधारा असलेलं एक गाव माझ्या चांगल्या ओळखीचं आहे. बंधाऱ्याच्या कडेला सिमेंटचा फलक आहे. त्यावर योजनेचं नाव, मंजूर रक्कम, काम पूर्ण झाल्याची तारीख, सगळं नीट रंगवलेलं. मी गेलो तेव्हा जानेवारी होता. बंधाऱ्याचे खांब शाबूत होते, एकालाही तडा नव्हता, आणि खांबांच्या मधून पाणी सरळ खाली वाहून चाललं होतं. बर्गे घातलेच नव्हते.

बर्गे म्हणजे खांबांच्या खाचांत एकावर एक बसवायच्या लोखंडी फळ्या. पाऊस ओसरला की त्या बसवायच्या, फटींना रबर लावायचं, की पाणी अडतं. पुढच्या पावसाळ्याआधी काढून ठेवायच्या, नाहीतर पुराचा सगळा जोर बंधाऱ्यावर येतो. या गावचे बर्गे शाळेमागच्या खोलीत रचून ठेवलेले होते. काही चोरीला गेले होते. उरलेल्यांचं रबर कडक झालेलं, बोटाने दाबलं तर तुकडा हातात येत होता. ग्रामपंचायतीचे शिपाई सोबत होते. ते म्हणाले, "बंधाऱ्याला पैसे आले होते. बर्गे घालायला माणसं लागतात, रबर विकत आणावं लागतं. ते कुठल्या खात्यात टाकायचं सांगा तुम्ही."

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटला, कारण गावपातळीवरच्या पर्यावरणाच्या कामांचं सगळं दुखणं त्यात आलं आहे. वित्त आयोगाचा हप्ता जमा झाला, अमुक कंपनीने तळ्याचा गाळ काढून दिला, राज्याच्या 'माझी वसुंधरा' या पर्यावरण स्पर्धेत गावाला बक्षीस मिळालं, अशा बातम्या आपण रोज वाचतो. पण हा पैसा येतो कुठून, कोणत्या अटींवर येतो, आणि एवढा येऊनही बर्गे खोलीतच का राहतात, हे सहसा कोणी उलगडून सांगत नाही. ते इथे सांगायचा प्रयत्न करतो.

## अनुदान म्हणजे नेमकं काय?

कर्ज परत करावं लागतं. बक्षीस केलेल्या कामाबद्दल मिळतं. अनुदान मिळतं ते पुढे करायच्या कामासाठी, आणि ते परत करायचं नसतं. मात्र ठरलेल्या कामावर, ठरलेल्या मुदतीत खर्च करून त्याचा हिशेब द्यावा लागतो. खर्च झाला नाही किंवा भलतीकडे झाला, तर तेच पैसे परत मागितले जातात.

अनुदानाच्या संदर्भात दोन शब्द कायम कानावर पडतात: बंधित आणि अबंधित. लहानपणी आई पैसे द्यायची तेव्हा बजावायची, "हे दळणाचे आहेत, याची गोळ्या-बिस्किटं आणायची नाहीत." ते बंधित पैसे. जत्रेला जाताना हातात ठेवायची ते अबंधित, खेळणं घ्या नाहीतर भेळ खा. ग्रामपंचायतीकडे दोन्ही प्रकारचे पैसे येतात आणि बराचसा गोंधळ या दोन पाकिटांची सरमिसळ झाल्याने होतो.

## पैसा येतो कुठून?

सगळ्यात मोठा आणि दरवर्षी येणारा झरा वित्त आयोगाचा. केंद्राने गोळा केलेल्या करांतला वाटा राज्यांना आणि स्थानिक संस्थांना कसा द्यायचा, हे वित्त आयोग सुचवतो. पंधराव्या आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांत देशातल्या ग्रामीण स्थानिक संस्थांसाठी २,३६,८०५ कोटी रुपये सुचवले. महाराष्ट्रात त्यातले ८० टक्के ग्रामपंचायतींना आणि १०-१० टक्के पंचायत समित्या व जिल्हा परिषदांना, अशी वाटणी झाली.

या पैशातला ६० टक्के भाग बंधित होता. त्यातला निम्मा पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं आणि पाण्याचा पुनर्वापर यांसाठी, आणि निम्मा स्वच्छतेसाठी. उरलेले ४० टक्के अबंधित. समजा एखाद्या ग्रामपंचायतीला वर्षाला १० लाख मिळाले, तर ३ लाख पाण्याचे, ३ लाख स्वच्छतेचे आणि ४ लाख गावाच्या गरजेप्रमाणे. हे ४ लाख लक्षात ठेवा, पुढे त्यांचं काम आहे. एप्रिल २०२६ पासून सोळाव्या आयोगाची पाच वर्षं सुरू होतात. त्यातल्या अटी आणि प्रमाण आपल्या ग्रामसेवकांना (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) विचारून घ्या, जुन्या आकड्यांवर आराखडा बेतू नका.

कचरा आणि सांडपाण्यासाठी स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात माणशी दर ठरवून दिले. ५,००० पर्यंत लोकवस्तीच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपये आणि सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपये. दीड हजार वस्तीच्या गावाचा हिशेब केला तर कचऱ्याचे ९० हजार आणि सांडपाण्याचे ४ लाख २० हजार होतात. यातला ३० टक्के वाटा पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातून घालायचा होता. म्हणजे एक पाकीट उघडायला दुसऱ्या पाकिटातले पैसे लागायचे. हे माहीत नसल्याने गावं अडायची.

पाणलोटाच्या आणि मातीच्या कामांना आपल्याकडे रोजगार हमीचा जुना आधार आहे. महाराष्ट्राने १९७७ मध्ये त्याचा कायदा केला, देशाने २००५ मध्ये. त्या केंद्रीय कायद्यात मजुरीवर किमान ६० आणि साहित्यावर जास्तीत जास्त ४० टक्के खर्च, अशी मर्यादा होती. म्हणून समतल चर (उताराला आडवे खणलेले) आणि बांधबंदिस्ती त्यात सहज बसायची, सिमेंटची भिंत बसवायला कसरत लागायची. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी १२५ दिवसांच्या हमीचा नवा कायदा केला.

मग राज्याच्या योजना. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही २०१७ ची योजना २०२३ मध्ये नव्याने आली, तेव्हा तिच्यात एक शहाणपणाचा बदल झाला. आधी गाळ काढायच्या यंत्रांचा खर्च निघायचा, पण तो शेतात वाहून न्यायचा ट्रॅक्टर शेतकऱ्याने स्वतः करायचा. ज्याच्याकडे ट्रॅक्टर त्याच्या शेतात गाळ, असंच होणार ना? नव्या रूपात अल्प आणि अत्यल्प भूधारकाला गाळ नेण्यासाठी घनमीटरला ३५ रुपये ७५ पैसे ठेवले, एकरी १५ हजारांच्या मर्यादेत आणि जास्तीत जास्त अडीच एकरांसाठी. विधवा आणि अपंग शेतकऱ्यांना, तसंच आत्महत्याग्रस्त कुटुंबांना जमिनीची अट सैल केली. अनुदान कुणाच्या शेतापर्यंत पोचतं हे अशा एका ओळीने बदलतं. योजनेचं नाव वाचून थांबू नये, शासन निर्णयाची पानं उलटावीत, ती यासाठी.

किनाऱ्यावरचं उदाहरण माझ्या विशेष आवडीचं आहे. राज्याने २०१२ मध्ये वनविभागात कांदळवन कक्ष उभा केला. कांदळवन म्हणजे खाडीतली खारफुटी, तिवरांचं जंगल. २०१७ मध्ये कांदळवन संवर्धन आणि उपजीविका निर्माण योजना आली. गावात कांदळवन सह-व्यवस्थापन समिती करायची, तिवरं राखायची, आणि त्या बदल्यात खेकडापालन, कालवंपालन, शोभिवंत मासे, निसर्ग पर्यटन असे व्यवसाय उभे करायला अनुदान घ्यायचं. सामूहिक प्रकल्पाला ९० टक्के, वैयक्तिकाला ७५. वेंगुर्ल्याला मांडवीच्या खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बाया होडीतून पर्यटकांना तिवरांत फिरवून आणतात. त्या कामाच्या मागे सिंधुदुर्गातल्या संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या प्रकल्पाची मदत होती. तिवर तुटलं तर होडीचा धंदा बसेल, हे त्या बायांना कोणी शिकवायला लागत नाही. राखण आणि रोजीरोटी एकाच दोरीला बांधलेली आहे.

कंपन्यांचा पैसा म्हणजे सीएसआर, कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा निधी. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीची देणी वजा जाता उरणारी मालमत्ता (नेटवर्थ) ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा त्याहून जास्त आहे, तिने आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजाच्या कामावर खर्च करायची असते. पर्यावरण त्या कामांच्या यादीत आहे. पैसे संस्थेमार्फत यायचे असतील, तर संस्थेची 'सीएसआर-१' नोंदणी लागते. कंपन्यांचा ओढा स्वाभाविकच आपल्या कारखान्याच्या आसपासच्या गावांकडे असतो, त्यामुळे डोंगरातल्या वाडीपर्यंत हा झरा क्वचित पोचतो. खाणी असलेल्या जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी असतो. आदिवासी भागात पेसा (अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींचा कायदा) लागू असलेल्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी थेट मिळतो, हा निर्णय २०१५ चा.

आणि थेट लोकांच्या संस्थांना लहान रकमा देणारा एक जागतिक झरा आहे, जागतिक पर्यावरण सुविधेचा लघु अनुदान कार्यक्रम. तो १९९२ मध्ये सुरू झाला आणि एका प्रकल्पाला साधारण ५० हजार डॉलरपर्यंत मदत देत आला आहे.

## मंजूर झालं म्हणजे पैसे आले का?

नाही. आणि इथेच गावं हिरमुसतात.

घरकुल मिळालेल्या कोणालाही विचारा. यादीत नाव आलं म्हणजे घर झालं नाही. पहिला हप्ता येतो, जोतं होतं, फोटो जातो, मग पुढचा हप्ता. पर्यावरणाच्या कामांचंही तसंच आहे. ग्रामसभेचा ठराव, मग अभियंत्याने केलेलं अंदाजपत्रक, मग तांत्रिक मान्यता (काम असं करणं योग्य आहे हा शिक्का), मग प्रशासकीय मान्यता (एवढे पैसे खर्चायला परवानगी). काम सुरू झालं की मोजमाप पुस्तिकेत नोंद होते, तिला सगळे एमबी म्हणतात. फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश दिसावे लागतात. शेवटी उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे 'दिलेले पैसे दिलेल्या कामावरच खर्च झाले' असं लिहून देणं. आधीचं प्रमाणपत्र थकलेलं असेल तर पुढचं अनुदान अडतं. वित्त आयोगाच्या पैशाला आणखी एक अट असते. ग्रामपंचायत किंवा जिल्हा परिषद रीतसर निवडून आलेली हवी. निवडणुका लांबून प्रशासक बसला की हप्ता थांबू शकतो, आणि महाराष्ट्राने त्याचा अनुभव घेतला आहे.

एवढ्या पायऱ्या कशाला, असं वाटणं साहजिक आहे. पण हा पैसा आपल्यासारख्याच लाखो लोकांनी साबणापासून मोबाईलपर्यंतच्या खरेदीवर भरलेल्या करातून आलेला आहे. पायऱ्या हव्यातच. माझी तक्रार वेगळी आहे, आणि ती निसर्गाच्या पंचांगाची आहे. सरकारी वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि मार्चला संपतं. मातीची कामं करायची खरी वेळ उन्हाळ्यातली, जून लागायच्या आत. रोपं लावायची वेळ पहिला-दुसरा पाऊस पडल्यावरची. पैसा मात्र बऱ्याचदा मार्चअखेरीला धावत येतो आणि तो महिन्याभरात संपवायचा असतो. मार्चमध्ये रोपं लावता येत नाहीत. मग जे मार्चमध्ये होतं ते केलं जातं, आणि मार्चमध्ये होतं ते म्हणजे सिमेंट.

## म्हैस मिळाली, वैरणीचं काय?

एखाद्या कुटुंबाला अनुदानातून म्हैस मिळाली असं समजा. दावणीला म्हैस आली, फोटो झाला, गावात पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला वैरण लागते, पेंड लागते, पाणी लागतं, तिसऱ्या महिन्यात डॉक्टर लागतो. म्हशीच्या किमतीइतकाच हा खर्च खरा आहे. पण तो एकदम होत नाही, थोडा थोडा रोज होतो, म्हणून कागदावर दिसत नाही.

पर्यावरणाचं जवळपास प्रत्येक काम म्हैस आहे. झाडांचंच बघा. राज्यात २०१६ पासून मोठ्या वृक्षलागवड मोहिमा झाल्या: २ कोटी, ४ कोटी, १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटींचं लक्ष्य. रोप जुलैत लावतात, मरतं ते एप्रिल-मेमध्ये. मराठवाड्यात किंवा माणदेशात लावलेलं रोप जगवायचं तर पहिले दोन-तीन उन्हाळे कुणीतरी पाणी घालायला हवं आणि शेळ्यांपासून राखायला हवं. खड्डा आणि रोप यांचा खर्च एका वर्षाचा आहे, राखणदाराचा तीन वर्षांचा. गाळ काढलेलं तळं वरच्या शिवारातली माती वाहून येणं थांबलं नाही, तर पुन्हा भरणारच. कचरा वेगळा करायची शेड बांधून होते, पण तिथे रोज सकाळी कचरा वेचणाऱ्या बाईचा पगार कुठल्याच फलकावर नसतो.

अनुदान देणाऱ्याला बांधकाम आवडतं, कारण ते मोजता येतं, त्याचं उद्घाटन होतं, त्यावर फलक लागतो. देखभालीला फलक लागत नाही. मला या लेखात सगळ्यांत कळकळीने सांगायचं आहे ते हेच: प्रस्ताव लिहिताना पहिला प्रश्न 'बांधायला किती' हा न ठेवता 'दरवर्षी राखायला किती आणि तो कोण देणार' हा ठेवा. त्याचं उत्तर नसेल तर काम लहान करा. दोन बंधारे मागण्यापेक्षा एक मागा आणि त्याच्या बर्ग्यांची सोय करा.

हे कोणी करून दाखवलं आहे का? आपल्याच राज्यात. १९९२ मध्ये इथे भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम सुरू झाला. जर्मनीचा पैसा नाबार्ड या शेती आणि ग्रामविकासाच्या राष्ट्रीय बँकेमार्फत गावांकडे येत होता. पण गावाने आधी श्रमदान करून आपली तयारी दाखवायची, कुऱ्हाडबंदी आणि मोकाट चराईबंदी पाळायची, मगच मोठं काम मंजूर व्हायचं. काम सुरू झाल्यावर अकुशल मजुरीच्या १६ टक्क्यांइतकं श्रमदान गावाने द्यायचं, आणि त्यातला वाटा देखभाल निधीत साठवायचा. म्हणजे बांधतानाच वैरणीची गंजी रचून ठेवायची. नाबार्डने पुढे १९९९-२००० मध्ये देशासाठी पाणलोट विकास निधी उभा केला, त्यालाही या अनुभवाचा पाया होता.

हिवरे बाजारचं नाव सगळ्यांना माहीत आहे. १९९२ च्या आदर्श गाव योजनेतला पैसा तिथे आला, तसा इतर गावांतही आला. हिवरे बाजारने वेगळं केलं ते पैसे आल्यानंतर. दरवर्षी पाऊस किती पडला त्यावर पाण्याचा ताळेबंद मांडायचा, शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, जास्त पाणी पिणारी पिकं घ्यायची नाहीत. या नियमांना एक रुपयाही अनुदान लागत नाही. पण त्यांच्यावाचून अनुदानाचं पाणी दोन वर्षांत बोअरमधून उपसून संपलं असतं.

## "श्रमदान म्हणजे गरिबांच्या माथी मारलेला बोजा नाही का?"

हा आक्षेप मी हलक्यात घेणार नाही, कारण तो पुष्कळदा बरोबर असतो.

पाणलोटाच्या कामाचा फायदा कुणाला? ओढ्याच्या खालच्या अंगाला ज्याची विहीर आहे त्याला. वरच्या माळावर चर कोण खणतं? बऱ्याचदा ज्याला जमीनच नाही असा मजूर. माळावर चराईबंदी झाली की पोट कुणाचं मारलं जातं? दोन शेळ्यांवर ज्या एकल बाईचा संसार चालतो तिचं. पाणी बागायतदाराला आणि उपास शेळीवालीला, असं होत असेल तर ते काम टिकू नये असंच तिला वाटेल, आणि रात्री तिची शेळी रोपवनात शिरली तर तिला दोष देता येणार नाही.

यावर उपाय माहीत आहेत. भारत-जर्मन कार्यक्रमात भूमिहीन आणि एकल पालकांच्या कुटुंबांना श्रमदानातून सूट होती. राखलेल्या माळावरचं गवत कापून न्यायचा पहिला हक्क शेळ्या-मेंढ्या असलेल्यांना देता येतो. तळ्यातली मासेमारी बाहेरच्या ठेकेदाराकडे न जाता भूमिहीनांच्या गटाकडे जाऊ शकते. वर्गणी जमिनीच्या प्रमाणात घेता येते. पण हे ठरवायचं तर ग्रामसभेत ती बाई बसलेली हवी आणि बोललेली हवी. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद आहे. ती सह्यांपुरती उरू द्यायची की नाही, हे गावाच्याच हातात आहे.

## "पैसे मधल्यामध्येच जातात, मग कशाला धडपडायचं?"

काही ठिकाणी जातात, नाकारण्यात अर्थ नाही. पण आज ते बघता येतं. ई-ग्रामस्वराज या केंद्राच्या संकेतस्थळावर आणि ॲपवर आपल्या ग्रामपंचायतीचा आराखडा आणि त्यावरचा खर्च कोणालाही पाहता येतो. दहावी शिकलेली मुलगी मोबाईलवर अर्ध्या तासात ते काढू शकते. 'ओढा खोलीकरण' असं लिहिलं असेल तर ओढ्यावर जा, पावलांनी लांबी मोजा, फलकावरच्या मापाशी ताडून पाहा. फलकच नसेल तर ग्रामसभेत विचारा. चार माणसं मोजायला लागली की मोजमाप पुस्तिका सुधारते.

संस्थेमार्फत पैसा येत असेल तर तिला तिची अंदाजपत्रकं गावात वाचून दाखवायला सांगा. चांगल्या संस्था आपणहून वाचतात.

## "हे सरकारचं काम, आम्ही का करायचं?"

१९९३ पासून ग्रामपंचायत हेच गावातलं सरकार आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत अकरावं परिशिष्ट जोडलं. पंचायतींकडे सोपवायचे २९ विषय त्यात आहेत. लघुसिंचन, पाणी व्यवस्थापन आणि पाणलोट विकास त्यात आहे, सामाजिक वनीकरण आहे, गौण वनोपज आहे. आणि यादीतला शेवटचा, एकोणतिसावा विषय वाचून मला त्या शिपाई दादांची आठवण झाली: सामूहिक मालमत्तेची देखभाल.

वित्त आयोगाचा अबंधित निधी याच २९ विषयांतल्या गावाच्या गरजांवर खर्च करायचा असतो. पगार आणि आस्थापनेचा खर्च त्यात चालत नाही. म्हणजे कायमचा राखणदार नेमून त्याला महिन्याचा पगार त्यातून देता येणार नाही, पण बर्ग्यांची दुरुस्ती आणि रबर यांना तिथे जागा आहे. मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेले ४ लाख ते हेच. अट एवढीच, की ते काम 'आमचं गाव, आमचा विकास' या गावच्या वार्षिक आराखड्यात आधी लिहिलेलं हवं. आराखड्यात नसलेल्या कामावर ग्रामसेवक खर्च टाकू शकत नाहीत, आणि त्यांनी टाकला नाही तर चूक त्यांची नाही.

त्याआधी एक गोष्ट तपासावी लागते: बंधारा कुणाच्या नावावर आहे? जिल्हा परिषदेने किंवा जलसंधारण विभागाने बांधलेलं काम ग्रामपंचायतीकडे रीतसर हस्तांतरित झालेलं नसेल, तर ती मालमत्ता आपली नाही आणि तिच्यावर खर्च करताना हात अडतो. हस्तांतरणाचा कागद शोधा. नसेल तर त्यासाठी अर्ज करा, आणि घेताना बर्गे मोजून घ्या.

## अनुदानाच्या पुढे काय?

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं, आणि बांबू विकून गाव स्वतः कमवायला लागलं. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा याच गावची. इथे जंगल राखायला दरवर्षी कुणापुढे प्रस्ताव घेऊन जावं लागत नाही, राखलेलं जंगलच राखणीचा खर्च देतं.

सगळ्या गावांत जंगल नाही, हे खरं. पण तळं असेल तर मासे आहेत, माळ असेल तर गवत आहे, खाडी असेल तर तिवरं आहेत. रत्नागिरी जिल्ह्यात संगमेश्वरच्या बाजूला देवरायांमधली बेहड्याची झाडं तोडू न देता त्यांची फळं रास्त भावाने विकायचं काम एका पर्यावरण संस्थेने गावांसोबत उभं केलं. झाड उभं ठेवण्यात पैसा मिळाला तर देवराईला वेगळं कुंपण लागत नाही. अनुदान मागताना त्यातला थोडा भाग अशा उत्पन्नाच्या सोयीसाठी मागा. देणाऱ्यांनाही ते आवडतं, कारण तीन वर्षांनी ते निघून गेल्यावर काम चालू राहील अशी खात्री त्यांना हवीच असते. मात्र जैवविविधता समितीची लोक जैवविविधता नोंदवही आधी नीट करून घ्या. गावात कोणती झाडं, कोणते मासे, कोणत्या औषधी वनस्पती आहेत याची ती यादी. कित्येक गावांत ती घाईने भरून कपाटात गेली आहे. ती बाहेर काढून म्हाताऱ्या माणसांबरोबर एकदा शिवारात फिरून पुन्हा लिहा. प्रस्तावाचा अर्धा मजकूर तिथेच सापडतो.

## सुरुवात कुठून करायची?

पुढच्या वर्षाच्या आराखड्याची चर्चा बहुतेक गावांत २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत बर्गे घालायची प्रथा १५ ऑक्टोबरच्या सुमारास, परतीचा पाऊस ओसरल्यावर. दोन्हींमध्ये जेमतेम दोन आठवडे आहेत. म्हणून त्या ग्रामसभेला जाण्याआधी एकदा शाळेमागच्या खोलीचं कुलूप उघडा. बर्गे किती उरलेत ते मोजा, रबर किती मीटर लागेल ते फूटपट्टीने मोजून लिहा, तालुक्याच्या दुकानातून दर विचारून या, आणि तो कागद सभेत वाचा. यंदाचं रबर वर्गणीतून आणा, पुढच्या वर्षीचं आराखड्यात लिहून घ्या.